दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडणारे इन्स्टॉलेशन

संगणक फॉरमॅट मारायला घ्यावा आणि विंडोज ३७ टक्क्यांवर अडावे. पुन्हा सुरू केले तर ६२ टक्क्यांपर्यंत जावे. तिसऱ्यांदा फायली कॉपी व्हायच्या आधीच निळी स्क्रीन यावी. दुरुस्तीच्या दुकानांत अशा वेळचा क्रम ठरलेला असतो. आधी पेनड्राइव्ह बदलतात, मग आयएसओ फाइल नव्याने उतरवून घेतात, मग हार्ड डिस्क गेली असे सांगून एसएसडी टाकायला लावतात. एवढे करूनही काम अडलेच, तर कोणीतरी म्हणते, ‘रॅम बघा जरा.’ हा क्रम उलटा हवा, असे माझे ठाम मत आहे. ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घेण्याआधीच मेमरी तपासावी. तपासायला पैसे पडत नाहीत, फक्त वेळ जातो. आणि सदोष मेमरीतून डिस्कवर जे उतरते, त्यावर नंतर कशाचाच भरवसा धरता येत नाही.

आजची रॅम ज्या रचनेवर उभी आहे ती आयबीएममधल्या रॉबर्ट डेनर्ड यांची. १९६८ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, एवढाच तिचा संसार. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. पण हा भार माठातल्या पाण्यासारखा सतत पाझरत असतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. ८ जीबीच्या एका पट्टीत असे सुमारे ६,८७० कोटी कपॅसिटर असतात. त्यांतला एखादा जरा जास्त पाझरू लागला, दोन शेजाऱ्यांमधले विलगीकरण कमकुवत झाले, किंवा पत्ता उलगडणाऱ्या सर्किटमध्ये खोट निघाली, की तेवढ्याच जागेपुरती चुकीची उत्तरे येऊ लागतात. बाकीची पट्टी व्यवस्थित चालत राहते. संगणक सुरू होतो, डेस्कटॉप दिसतो, गाणी वाजतात, आणि रॅमवर कोणाचाच संशय जात नाही.

मेमरीच्या चुकांचे दोन वंश आहेत आणि निदानाच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे. पहिला तात्कालिक चुकांचा: बिट एकदा उलटतो, पण तो साठवणारी पेशी शाबूत असते. इंटेलमधल्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की चिपच्या वेष्टनातच युरेनियम-थोरियमचे सूक्ष्म अंश असतात आणि त्यांतून सुटणारे अल्फा कण बिट उलटवू शकतात. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळेही हे घडते. बेल्जियममध्ये २००३च्या निवडणुकीत शारबीक इथे एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्त मोजली गेली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे एकच बिट उलटल्याची खूण. कारण सिद्ध झाले नाही, पण संशय वैश्विक किरणांवर गेला. तेव्हापासून मेमरीचा विषय निघाला की ही गोष्ट सांगितली जाते. ती सुरस आहे यात शंका नाही, पण घरच्या अडलेल्या इन्स्टॉलेशनशी तिचा संबंध जवळपास नाही.

तिथे गाठ पडते ती दुसऱ्या वंशाशी, कायमच्या दोषांशी. बियांका श्रोडर, एदुआर्दो पिन्हेइरो आणि वोल्फ-डिट्रिख वेबर यांनी गूगलच्या सर्व्हरांची सुमारे अडीच वर्षांची नोंद तपासून २००९ साली शोधनिबंध लिहिला. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांमध्ये आणि ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये मेमरीची चूक नोंदली गेली होती, तोवरच्या समजुतीपेक्षा कितीतरी जास्त. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या चुकांत मोठा वाटा कायमच्या दोषांचा दिसत होता. ज्या पट्टीने एकदा चूक केली, तीच पुन्हा पुन्हा करत होती. तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या क्रॅशच्या नोंदी चाळल्या, तेव्हाही तेच दिसले. मेमरीमुळे एकदा कोसळलेले यंत्र पुन्हा कोसळण्याची शक्यता अनेक पटींनी वाढते, आणि बहुतेकदा दोष त्याच जागी असतो. म्हणजे चूक पळून जात नाही, जिथल्या तिथे बसून राहते आणि शोधली तर सापडते. ‘असेल काहीतरी, रीस्टार्ट करा’ हा सल्ला या दोन निबंधांनंतर तरी बंद व्हायला हवा होता.

मग रोजच्या वापरात न दिसणारा हा दोष नेमका इन्स्टॉलेशनच्याच वेळी का उघडा पडतो? रोजच्या वापरातला बराचसा मजकूर चुका पोटात घालणारा असतो. छायाचित्रातल्या एका ठिपक्याचा रंग किंचित बदलला, व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये कण चमकून गेला, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. इन्स्टॉलर मात्र घट्ट दाबून भरलेल्या फायली उलगडत असतो. विंडोजची मोठी प्रतिमा फाइल असते, लिनक्सच्या कित्येक प्रकारांत स्क्वॉशएफएस असते. संकोचित मजकुरात पुढचे अक्षर मागच्यावर अवलंबून असते, त्यामुळे एक बिट चुकला की तिथून पुढचा सगळा तुकडा बिघडतो. वर प्रत्येक तुकड्याची बेरीज तपासली जाते, म्हणून ही चूक लपतही नाही. शिवाय मोकळी मेमरी दिसली की ऑपरेटिंग सिस्टिम तिथे फायली साठवून ठेवते, त्यामुळे एरवी ज्या कोपऱ्यात कोणी फिरकत नाही तोही वापरात येतो. विंडोज अशा वेळी ‘आवश्यक फायली इन्स्टॉल करता येत नाहीत, फाइल खराब असेल किंवा गहाळ असेल’ असे सांगते आणि ८००७०५७० किंवा ८००७०२५डी अशा शेपटीचा कोड दाखवते. संदेशात नाव फाइलचे असते, म्हणून माणूस पेनड्राइव्हकडे धावतो. यात चूक संदेशाचीच आहे. लिनक्सवाल्यांना हे फार आधी कळले होते. नव्वदच्या दशकात कर्नल कंपाइल करताना जीसीसी कंपायलर मध्येच ‘सिग्नल ११’ देऊन मरे, आणि रॉजिअर वुल्फ यांनी त्यावर लिहिलेले प्रश्नोत्तरांचे टिपण तेव्हा सर्वत्र फिरत असे. त्याचे सार असे, की कंपायलर दर वेळी वेगळ्या जागी मरत असेल तर दोष कंपायलरचा नाही, हार्डवेअर तपासा.

इथेच निदानाची किल्ली आहे. खराब आयएसओ किंवा खराब पेनड्राइव्ह बहुधा त्याच फाइलवर, त्याच टक्क्याला अडवतो. मेमरीचा दोष जागा बदलतो, कारण दर वेळी त्या सदोष पेशीवर वेगळा मजकूर येऊन बसतो. कधी फाइल खराब, कधी मेमरी मॅनेजमेंटची निळी स्क्रीन, कधी पेज फॉल्टची, कधी इन्स्टॉलर नुसताच बंद. चुकांची नावे जितकी विविध, तितका मेमरीवरचा संशय गडद.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर एक सोपा प्रयोग आहे. चालू संगणकावर चार-पाच जीबीची आयएसओ घ्यायची आणि तिचा एसएचए-२५६ काढायचा. लिनक्समध्ये त्यासाठी एका ओळीची आज्ञा आहे, विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ ते काम करते. ६४ अक्षरांची एक माळ येते. तीच आज्ञा पुन्हा द्यायची. निरोगी यंत्रावर दोन्ही माळा अक्षरन् अक्षर सारख्या येतात, यायलाच हव्यात. मेमरी सदोष असेल तर दुसरी माळ पहिल्या अक्षरापासूनच निराळी दिसू शकते. फाइल बदललेली नाही, डिस्कवर कोणी काही लिहिलेले नाही, तरी उत्तर वेगळे. यात एक खबरदारी हवी. फाइल मेमरीतच साठून राहिली असेल तर दुसऱ्यांदाही तीच चुकीची प्रत वाचली जाते आणि उत्तर खोटेच सारखे येते. म्हणून मध्ये संगणक रीस्टार्ट करावा किंवा रॅमपेक्षा मोठी फाइल घ्यावी. उत्तरे जुळली म्हणून मेमरी निर्दोष ठरत नाही. जुळली नाहीत तर मात्र त्या यंत्रावर इन्स्टॉलेशन पुढे रेटण्यात अर्थ नाही.

रॅमवर संशय घेताना इतर आरोपींना सोडून देऊ नये, हेही तितकेच खरे. कमी-जास्त व्होल्टेज देणारा एसएमपीएस, तापणारा प्रोसेसर, सैल साटा केबल हे सगळे मेमरीसारखीच लक्षणे दाखवतात. अलीकडचे सर्वांत शिकवण्याजोगे उदाहरण इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे. त्यांच्यावर खेळ सुरू करताना फायली उलगडायच्या वेळीच चुका होत आणि स्क्रीनवर ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येई. लोकांनी ग्राफिक्स कार्डे बदलली, रॅम बदलली. शेवटी २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होते आणि त्यामुळे तो झिजत होता. मायक्रोकोडच्या दुरुस्त्या आल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली, पण झिजलेली चिप सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. म्हणून तपासणीत मेमरीच्या चुका आल्या, तरी शेवटचा निकाल पट्टी दुसऱ्या यंत्रात लावून पाहिल्यावरच द्यावा.

तपासणीच्या साधनांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९८१च्या आयबीएम पीसीत दर आठ बिटांमागे पॅरिटीचा एक नववा बिट होता. जुळणी बिघडली की यंत्र तिथल्या तिथे थांबे. सुरू होताना रॅम तपासली जाई आणि दोष असेल तर २०१ या क्रमांकाची चूक दिसे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, किमतीची स्पर्धा पेटल्यावर, घरगुती संगणकांतून तो नववा बिट गेला. सुरुवातीची तपासणीही वेगाच्या नावाखाली आटत गेली. आज संगणक सुरू होताना रॅम आहे की नाही एवढेच नीट पाहतो, प्रत्येक पेशी तपासत नाही. ही पोकळी भरली ती क्रिस ब्रॅडी यांच्या मेमटेस्ट८६ने. १९९४ पासूनचे हे साधन आता पासमार्क ही कंपनी सांभाळते. त्याचीच मुक्त शाखा म्हणजे मेमटेस्ट८६+. ती सॅम्युअल देमुलमीस्टर यांनी चालवली, आणि २०२२ मध्ये मार्टिन व्हिटेकर यांच्या पीसीमेमटेस्टच्या पायावर सहावी आवृत्ती आली, तेव्हा ती यूईएफआयच्या नव्या यंत्रांवरही चालू लागली.

ही साधने ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय थेट पेनड्राइव्हवरून चालतात. म्हणून जवळपास सगळी मेमरी त्यांच्या हाती येते. चालू विंडोजमधून चालणाऱ्या तपासण्यांना ते जमत नाही, कारण विंडोज स्वतःच रॅमचा मोठा भाग अडवून बसलेले असते. चाचण्या साध्या कल्पनेवर उभ्या आहेत: ठरलेला नमुना लिहायचा, वाचायचा, उलटा करून पुन्हा लिहायचा, आधी खालून वर, मग वरून खाली. त्यातून शेजारी पेशी एकमेकींना बिघडवतात का ते कळते. पत्त्यांची चाचणी वेगळी असते. नमुना लिहून काही वेळ नुसते थांबायचे आणि मग वाचायचे, ही चाचणी पाझरणाऱ्या पेशी पकडते. दोष सापडला की निळ्या पडद्यावर तांबडी ओळ उमटते. तिच्यात पत्ता असतो, काय अपेक्षित होते आणि काय सापडले ते असते. अपेक्षित सगळी शून्ये आणि सापडले शेवटाकडे ४०० (सोळाच्या पायाच्या मोजणीत), म्हणजे अकरावा बिट शून्याचा एक होऊन बसला आहे. पुढच्या फेरीत पुन्हा त्याच पत्त्याजवळ तोच बिट दिसला, तर पेशी गेली म्हणून समजावे. पत्ते पार विखुरलेले असतील आणि दर वेळी वेगळेच बिट चुकत असतील, तर आधी संपर्क, सेटिंग आणि वीज तपासावी. एकही तांबडी ओळ माफ नाही. ‘दोनच एरर आहेत, चालेल’ हे वाक्य काउंटरवर ऐकू येते आणि ते निखालस चुकीचे आहे. निरोगी मेमरीत ही संख्या शून्य असते.

उलट बाजूने मात्र सावध राहावे लागते. एक फेरी बिनचूक गेली म्हणजे मेमरी चांगली, असे सिद्ध होत नाही. काही दोष तापल्यावरच दिसतात, काही ठरावीक नमुन्यालाच. तपासणी रात्रभर चालू द्यावी, निदान चार फेऱ्या तरी पूर्ण होऊ द्याव्यात. विंडोजचे स्वतःचे मेमरी डायग्नोस्टिक सोयीचे आहे, पण त्याच्या साध्या चाचणीवर विसंबू नये. सुरू झाल्यावर एफ१ दाबून विस्तारित पर्याय निवडावा. गूगलचे स्ट्रेसॲपटेस्ट चालू लिनक्समध्ये मेमरीवर खऱ्या कामासारखा भार टाकते आणि मेमटेस्टमधून निसटलेले दोष कधी कधी त्यात सापडतात. रोहॅमर हा प्रकार तर वेगळाच. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेल लॅब्जमधल्या संशोधकांनी दाखवले की एकच ओळ वेगाने पुन्हा पुन्हा उघडली तर शेजारच्या ओळीतले बिट उलटतात. त्यांनी तपासलेल्या १२९ पट्ट्यांपैकी ११० मध्ये हे घडले. सुरक्षिततेसाठी तो गंभीर प्रश्न आहे. पण फक्त हॅमर चाचणीत चूक आली आणि बाकी सगळ्या स्वच्छ गेल्या, तर इन्स्टॉलेशन अडण्याचे कारण बहुधा दुसरीकडे आहे.

तांबडी ओळ दिसली की लगेच नवी पट्टी विकत घेऊ नये. आधी बायॉसमध्ये जाऊन सेटिंग मूळ पदावर आणावे. एक्सएमपी किंवा एक्सपो ही वेग वाढवणारी सोय चालू असेल तर बंद करावी. डब्यावर ३६०० लिहिलेले असते, पण तो वेग डीडीआर४च्या प्रमाणित मर्यादेच्या, ३२००च्या, पलीकडचा असतो. त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३५ पर्यंत चढवतात आणि प्रत्येक प्रोसेसरला, प्रत्येक मदरबोर्डला ते झेपतेच असे नाही. वेग उतरवल्यावर चुका थांबल्या, तर पट्टी कदाचित निरोगीच आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र लावल्या असतील तर तोही संशय इथेच फिटतो.

मग संपर्क. वायर काढायची, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज उतरवायची, लॅपटॉप असेल तर बॅटरीही सोडवायची, धातूला हात लावून अंगातला स्थिरभार घालवायचा आणि पट्टी कडेने धरून काढायची. सोनेरी पायांवर बोटाचा ठसा, धूळ किंवा मळकट पापुद्रा दिसतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत तो लवकर साचतो. खोडरबरने पुसायची आपल्याकडची रीत सरसकट वाईट म्हणता येणार नाही, पण सोन्याचा थर फारच पातळ असतो आणि जोरात घासले तर तोच जातो. मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवावा, चुरा ब्रशने झटकावा. त्याहून बरे म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे कापड. स्लॉटही ब्रशने साफ करावा. पट्टी पुन्हा बसवताना दोन्ही टोकांना खिट्टीचा आवाज यायला हवा. पुष्कळशा ‘गेलेल्या’ रॅम इथेच बऱ्या होतात.

तरीही चुका आल्या तर एका वेळी एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये लावून तपासावी. मग चांगली ठरलेली पट्टी घेऊन प्रत्येक स्लॉट तपासावा. दोन पट्ट्या जोडीने चालत असताना मेमटेस्टचा पत्ता कुठल्या पट्टीचा, हे सहसा सांगता येत नाही, कारण मजकूर दोन्हींत आलटून-पालटून विभागलेला असतो. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी सदोष. स्लॉटलाच चिकटून राहिली तर मदरबोर्ड, किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर. हे काम कंटाळवाणे आहे, पण यात जवळची वाट नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, जुन्या यंत्रांतून काढलेल्या पट्ट्या कमी भावात मिळतात. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढल्यापासून अशा पट्ट्यांचा मोह वाढणार हे उघड आहे. विद्यार्थ्याने, छोट्या दुकानदाराने त्या घेऊच नयेत असे मी म्हणणार नाही. पण बिलावर बदलून देण्याची मुदत लिहून घ्यावी आणि त्या मुदतीत घरी रात्रभर तपासणी चालवावी. नव्या पट्टीवर कित्येक नामांकित कंपन्या दीर्घ मुदतीची वॉरंटी देतात. तांबड्या ओळीचा फोटो तिथे पुरावा म्हणून कामी येतो.

पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डवरच डाखलेली असते, तिथे पट्टी काढायची सोयच नाही. संपूर्ण मदरबोर्ड बदलण्याचा खर्च कित्येकांना परवडत नाही. सदोष जागा अगदी थोडी आणि स्थिर असेल तर लिनक्सला ‘मेममॅप’च्या सूचनेने तेवढा तुकडा वगळायला सांगता येतो, ग्रबमध्येही ‘बॅडरॅम’ची तरतूद आहे, विंडोजमध्ये बूट सेटिंगमधल्या ‘बॅडमेमरीलिस्ट’ने तेच साधते. हा तात्पुरता इलाज आहे आणि दर महिन्याला पुन्हा तपासणी करायची तयारी असेल तरच करावा.

एवढी यातायात सामान्य माणसावर का यावी, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त डाचतो. बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंग यांनी चुका दुरुस्त करणारी संकेतपद्धती १९५० मध्येच प्रसिद्ध केली. ६४ बिटांमागे आठ जादा बिट ठेवले की एक चूक आपोआप दुरुस्त होते आणि दोन झाल्या तर निदान कळते. सर्व्हरांत ही ईसीसी मेमरी सर्रास असते, घरगुती यंत्रांत मात्र प्रोसेसर, बोर्ड आणि पट्टी तिन्ही जुळवून आणावी लागतात. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०२१च्या सुरुवातीला यावरून इंटेलला जाहीरपणे धारेवर धरले होते. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, कर्नल ६.१च्या कामाच्या ऐन घाईत, त्यांच्याच मुख्य यंत्रातली ईसीसी नसलेली एक पट्टी गेली. अडीच वर्षे बिनतक्रार चाललेले यंत्र कंपाइल करताना भलत्याच चुका देऊ लागले, आणि आधी संशय गेला तो नव्या कर्नलच्या कोडवर. ज्या माणसाला हे यंत्र आतून-बाहेरून ठाऊक आहे त्याचे हे होत असेल, तर बाकीच्यांनी काय करावे? डीडीआर५च्या चिपमध्ये अंतर्गत दुरुस्ती असते, पण ती चिपच्या आतल्यापुरतीच. पट्टीपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती राखण करत नाही, आणि चूक झाली तर ऑपरेटिंग सिस्टिमला कळवतही नाही.

पट्टी बदलली, रात्रभराची तपासणी स्वच्छ गेली, म्हणजे जुने अर्धवट इन्स्टॉलेशन ‘रिपेअर’ करून वापरायला घेऊ नये. डिस्क पुसून सिस्टिम पुन्हा पहिल्यापासून टाकावी आणि आयएसओही निरोगी यंत्रावर नव्याने उतरवून तिची माळ जुळवून घ्यावी. त्या सदोष काळात कॉपी झालेले फोटो, हिशेबाच्या फायली, पाठवलेली बॅकअप यांची जुन्या प्रतींशी ताडणी करावी. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस वापरत असाल तर एकदा स्क्रब चालवावा. जुनी बॅकअप नव्या बॅकअपने पुसून टाकायची असेल, तर ती ताडणी संपेपर्यंत थांबावे.